अनंताच्या फुलाची दुसरी फेरी

सान तेल्मो, १४ एप्रिल १९९१

आम्पारो,

‘प्रिय’ मुद्दाम लिहिलेलं नाही. आधी भांडण होऊ दे, प्रेमाचं पुढच्या पत्रात बघू.

तुझं ‘अनंताचा रविवार’ वाचलं. एकदा मी वाचलं, दुसऱ्यांदा यादिरानं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा शिवणयंत्राशी बसून ऐकलं, आणि आता सगळं गाव मला ते रोज थोडंथोडं ऐकवतंय. यादिरा म्हणजे औषधवाल्याची मुलगी. तिचा पंधरावा वाढदिवस आलाय आणि झगा माझ्याकडे आहे. काल ती मापाला स्टुलावर उभी होती, मी तोंडात टाचण्या धरून घेर दुमडत होते. वरून आवाज आला, “लालाबाई, एक विचारू? रागवाल?” टाचण्यांमुळे मला नुसतं ‘हं’ म्हणता आलं. तर म्हणते, “तुम्ही तरुणपणी एवढ्या दुष्ट का होतात हो?”

टाचण्या गिळल्या नाहीत हे नशीब.

आम्पारो, मेले, नावं बदललीस म्हणजे माणसं बदलली असं वाटलं का तुला? ब्रिहिदा नावाची मावसबहीण, दात पुढे, शिवण येतं, सुंदर नायिकेवर जळते, तिच्या मागे हेरासारखी लपतछपत फिरते. सान तेल्मोत शिवण येणाऱ्या किती मावसबहिणी आहेत तुला? आई बिचारी ऐकता ऐकता इतकी तापली की म्हणाली, “ही ब्रिहिदा भेटली तर थोबाडीत देईन.” मी म्हटलं, “आई, ती मीच आहे.” तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग इकडे ये.”

आणि मी लपतछपत फिरत नव्हते! मला आई पाठवायची! मुलीनं मुलाबरोबर एकटं चौकाबाहेर जायचं नाही, बहीण सोबत हवी, हा नियम तुझ्या मावशीचा होता. तीन महिने मी तुझ्या आणि चेन्चोच्या मागून आईस्क्रीम चाटत चालले. ऊन म्हटलं नाही, वारा म्हटलं नाही. त्याचे पांग तू असे फेडलेस.

एक मात्र कबूल, चौकाचे नियम तू अगदी बरोबर लिहिलेस. रविवारी बँडच्या चौथऱ्याभोवती मुली एका दिशेनं फिरतात, मुलगे उलट्या. मुलानं समोरून येताना फूल द्यायचं. दुसऱ्या फेरीत ते तिच्याच हातात असलं तर त्यानं वळून तिच्याबरोबर चालायचं. मुलगा नको असेल तर तिनं फूल शेजारणीला देऊन टाकायचं, आणि मग मुलानं तोंड वाकडं न करता, ज्या हातात फूल तिच्याबरोबर ती फेरी पुरी करायची. एवढं बरोबर लिहिणारी बाई बाकीचं इतकं चुकीचं कसं लिहू शकते?

चेन्चोचे डोळे हिरवे कधी झाले?

तुझी (नाइलाजानं),
लाला

*

मेक्सिको शहर, २ मे १९९१

लाडके लाला,

बघ, मी ‘लाडके’ लिहिलं. मोठेपणा कुणाचा ते आपोआप कळतं.

तुझं पत्र मी इथे दोन मैत्रिणींना वाचून दाखवलं, हसून हसून कॉफी सांडली. अगं, ती कथा आहे. कथेला एक दुष्ट बाई लागते, आणि माझ्या ओळखीत तूच सगळ्यांत जवळची होतीस. शिवाय शेवटी ब्रिहिदाला पश्चात्ताप होतो ना? केवढी सुंदर रडते ती! तसलं रडणं मी नायिकेलाही दिलेलं नाही. तुझे दात आता आत गेले असतील तर दुसऱ्या आवृत्तीत आत घेते.

चेन्चोचे डोळे हिरवे आहेत कारण तपकिरी डोळ्यांनी पुस्तकं खपत नाहीत, असं प्रकाशक म्हणतो. कान तरी मी त्याचे सोडून दिले, तेवढं मान. ते कान खरे लिहिले असते तर मुखपृष्ठावर मावले नसते.

आता खरी बातमी. पुस्तक इतकं चाललंय की प्रकाशकाला पुढचा भाग हवाय. पंचवीस वर्षांनी नायिका गावी परतते, आणि तो अजून वाट बघत असतो. मला वाटतं, हे लिहायला तिथेच यावं. सप्टेंबरात जत्रेला येते. रविवारी चौकात मीही एक फेरी मारीन म्हणते, बघू काय होतं!

चेन्चो उत्तरेहून परत आलाय असं ऐकलं. बायको गेली बिचाऱ्याची. चौकाच्या कोपऱ्यावर बर्फाच्या बादलीत दांडा फिरवून आईस्क्रीम करतो म्हणे. माझ्याबद्दल विचारतो का गं कधी? सहज विचारतेय. पुस्तकासाठी.

मावशीला माझा मुका, आणि ब्रिहिदाला तिनं मारू नये असं सांग.

तुझी प्रसिद्ध बहीण,
आम्पारो

*

सान तेल्मो, २० मे १९९१

प्रिय आम्पारो (वचन पाळलं),

सप्टेंबरात येऊ नकोस. जत्रेत गर्दी फार असते. तुझ्या खोलीचं छप्पर गळतं. आईला पाहुणे सोसत नाहीत. चौकातल्या फरशा उखडल्यात, तुझ्या शहरी टाचा अडकतील.

असो. तू म्हणतेस कथा आहे, तर मग ब्रिहिदाची कथाही ऐक. ती कुणीच लिहीत नाही, आणि झगे शिवताना माझं तोंड रिकामं असतं, म्हणजे टाचण्या नसतात तेव्हा.

तुझ्या पुस्तकात नायिका आणि तो नदीकाठी बसून ताऱ्यांबद्दल बोलतात. मी मागच्या दगडावर होते. तुम्ही ताऱ्यांचं नाव एकदाही काढलं नाही. चेन्चो तुला बर्फात मीठ किती घालावं ते सांगत होता, कारण त्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं, आणि तू मान डोलवत होतीस, कारण तुला काही ऐकायचंच नव्हतं. मीच मागून म्हटलं होतं, “मीठ जास्त झालं तर बर्फाचं लवकर पाणी होतं का?” तेव्हा तो वळून मला उत्तर द्यायला लागला, आणि तू माझ्याकडे असे डोळे केलेस. ते पुस्तकात ‘ब्रिहिदानं त्यांच्या स्वर्गात विष कालवलं’ असं आलंय.

शेवटचं प्रकरण वाचून तर मी लोटपोट झाले. तू राजधानीला शिकायला निघालीस, बस सुटली, आणि तो धुळीतून बसच्या मागे धावत सुटला. यादिरा हे वाचताना हुंदके देत होती. अगं, तो धावला कारण तुझी पेटी त्याच्या हातात राहिली होती! छपरावर चढवायची विसरला गाढव. ती दोरीनं बांधलेली, आईच्या चादरींनी फुगलेली पेटी डोक्यावर घेऊन गिरणीपर्यंत धावला. पुस्तकात तो धावतो, पेटी मात्र कुठेच नाही. कुठे गेली पेटी, आम्पारो?

आणि पहिल्या रविवारचं ते माझं वर्णन. ‘ब्रिहिदाचं नाक लाल झालं होतं, डोळ्यांतून मत्सराच्या धारा लागल्या होत्या, रुमालात तोंड खुपसून तिनं पाठ फिरवली.’ बये, मी शिंकत होते! अनंताच्या वासानं मला शिंका येतात. तेव्हाही यायच्या, आताही येतात. एकामागून एक, डोळ्यांना पाणी येईस्तोवर. त्याला तू मत्सर म्हणालीस आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

चेन्चोचं विचारलंस. बरा आहे. कान तेवढेच आहेत. निवडुंगाच्या बोंडांचं आईस्क्रीम छान करतो. मुली त्याच्या गाडीशी येऊन उसासे टाकतात आणि काही विकत घेत नाहीत, त्यामुळे तो तुझ्यावर वैतागलाय.

छप्पर खरंच गळतं.

लाला

*

मेक्सिको शहर, ११ जून १९९१

लाला, लाला, लाला,

छप्पर गळतं! मावशीला पाहुणे सोसत नाहीत! जी बाई अनोळखी पेरूवाल्याला घरात बसवून जेवायला घालते तिला! तू खोटं बोलतेस तेव्हा चार चार कारणं देतेस, लहानपणापासून. एक पुरे असतं.

मला सगळं समजलं. तू अजून जळतेस! पंचवीस वर्षं झाली आणि बाईंच्या पोटात अजून दुखतंय. मी आले, चौकात फिरले, चेन्चोनं आईस्क्रीमची बादली सोडून माझ्याकडे बघितलं, तर तुला सोसायचं नाही. कबूल कर, मी रागावत नाही. उलट बरं वाटतंय, माझी ब्रिहिदा इतकी खरी उतरली म्हणून.

पेटी मी गाळली. पेटी डोक्यावर घेतलेला नायक कुणाला हवा आहे? ती तीन दिवसांनी मिळाली तेव्हा चादरींना मिठाचा वास येत होता, तेही गाळलं.

पण शिंकांचं मला पटलं नाही. मी लेखिका आहे, असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. फूल माझ्या हातात होतं. तू माझ्या पलीकडे चालत होतीस, आणि वारा तुझ्याकडून माझ्याकडे होता, कारण माझी वेणी सारखी उडत होती. मग तुला इतक्या शिंका आल्या कुठून? तेवढ्यासाठी फूल नाकाशी धरावं लागतं. खोटं बोलायचं तर नीट बोल, मी तुला शिकवीन.

सप्टेंबरचं तिकीट काढायला सांगितलंय. निळा पोशाखही घेतला, खांद्यावर थोडा सैल आहे. आल्यावर तूच घट्ट करून दे. बघ, शत्रूवर किती विश्वास.

आम्पारो

*

सान तेल्मो, ७ जुलै १९९१

आम्पारो,

हे पत्र मी चारदा सुरू केलं. दर वेळी एखादी मुलगी मापाला यायची आणि मी ते कापडाखाली सरकवायची. आज दार लावून बसलेय.

तू बरोबर पकडलंस. फूल माझ्या नाकाशी होतं, कारण ते माझ्या हातात होतं. चेन्चोनं ते मला दिलं होतं.

आता उठून खोलीत येरझाऱ्या घालू नकोस, बस आणि पुरतं वाच. पहिल्या फेरीत तो समोरून आला. कान लाल झाले होते, केसांना कुणाचं तरी तेल चोपडलं होतं, आणि तो माझ्या हातात फूल कोंबून पळाल्यासारखा पुढे गेला. तू तेव्हा चौथऱ्याकडे बघत होतीस. ट्रॉम्बोनवाल्याची टोपी पडली होती, तिला हसत होतीस. मी फूल हुंगलं. हुंगायला नको होतं, पण सोळाव्या वर्षी पहिलं फूल मिळालं तर कोण हुंगणार नाही? पहिली शिंक आली, दुसरी आली. रुमाल कमरेला खोचलेला, एका हातात तुझा हात, दुसऱ्या हातात फूल. मी म्हटलं, “आम्पारो, धर जरा.” एवढंच. नाक पुसायला. आणि मी मान वर करते तर दुसरी फेरी आली होती, आणि चेन्चो समोर उभा होता, आणि फूल तुझ्या हातात होतं.

त्याला वाटलं, मी त्याला नको म्हटलं. चौकात त्याचा दुसरा अर्थच होत नाही. तो पांढराफटक पडला, पण शिकवल्यासारखा वळला आणि तुझ्या शेजारी चालायला लागला. आणि तुला वाटलं की फूल तुझंच, मी फक्त त्याच्याकडून घेऊन तुला पोचवलं. फेरी संपल्यावर तूच त्याला पुढच्या रविवारचं विचारलंस, आणि नाही म्हणणं त्याला कधी जमलंय?

मी का बोलले नाही म्हणून विचारशील. त्याच वर्षी उपासाच्या महिन्यात तुझी आई गेली होती. तू आमच्याकडे आलीस तेव्हापासून जेवायला बस म्हटलं की बसायचीस, झोप म्हटलं की झोपायचीस, बोलत नव्हतीस. त्या दिवशी आधी ट्रॉम्बोनवाल्याला हसलीस आणि मग त्या फुलाकडे बघून जो चेहरा केलास तो मला अजून दिसतो. तो चेहरा काढून घेऊन ‘इकडे दे, माझं आहे’ म्हणायची माझी छाती झाली नाही. मी काही संत नाही. पुढचा आठवडाभर तुझी वेणी घालताना मी मुद्दाम करकचून ओढायची, आठवतं? तू आईकडे तक्रार केली होतीस. आणि त्या धारांत शिंकांबरोबर थोडं रडूही होतं. इतकं तू बरोबर लिहिलंस.

आता पुढचं ऐक, हे जास्त कठीण आहे. चेन्चोनं तुझं पुस्तक विकत घेतलं. मुली का खिदळतात ते बघायला. मार्चमध्ये एका दुपारी तो माझ्या दुकानात आला, पानात बोट घालून. त्याच्या आदल्या दिवशी औषधवाल्याच्या आजोबांच्या अंत्यविधीला मी अनंताच्या पुष्पचक्राजवळ उभी होते आणि शिंकांनी सगळं प्रार्थनाघर दणाणून सोडलं होतं, ते त्यानं पाहिलं होतं. पुस्तक माझ्यापुढे ठेवून त्यानं तुझी ओळ दाखवली. लाल नाक, धारा, रुमाल. मग म्हणाला, “लाला, त्या दिवशी तू शिंकत होतीस का?”

मी म्हटलं, “हो.”

तो स्टुलावर बसला. ज्या स्टुलावर मुली मापाला उभ्या राहतात त्याच्यावर. माझ्यापुढचं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, “म्हणजे नको नव्हतं म्हटलंस.”

म्हणजे बघ, तुझ्याच पुस्तकानं सांगितलं. अर्थ उलटा लावलास, पण नाक अचूक लिहिलंस.

तेव्हापासून तो रोज दुपारी आईस्क्रीम घेऊन येतो आणि आईशी बोलतो. त्याला जत्रेच्या रविवारी मला पुन्हा फूल द्यायचंय, सगळ्यांसमोर, नीट. आम्पारो, मला ते घ्यायचंय. या वयात मावशांच्या बाकावर बसून मी दुसऱ्यांच्या फेऱ्या पुष्कळ बघितल्या. पण गावाला तो तुझा वाटतो. यादिरा तर म्हणते, तो तुझ्यासाठीच परत आला. त्यांचं मी सोसेन. तुझं नाही सोसणार. तू नको म्हटलंस तर मी बाकावरून उठणार नाही, आणि त्याला कारणही सांगणार नाही.

लिही.

लाला

*

सान तेल्मो, ४ ऑगस्ट १९९१

आम्पारो,

पोस्टमन मला बघून आता रस्ता बदलतो. काल त्याला गल्लीच्या टोकाशी गाठला आणि पिशवी उघडायला लावली. वीजबिल निघालं.

शिव्या दे. फाडून पाठव. ब्रिहिदाला पुढच्या भागात नदीत बुडव, मी स्वतः तिचा बुडायचा झगा शिवून देते. पण लिही. आई सकाळी विचारते, “आम्पारोचं काही?” आणि मी नाही म्हटलं की माझ्याकडे असं बघते की ती थोबाडीत बरी होती.

चेन्चोला मी काही सांगितलेलं नाही. तो येतो, मी झग्यावर मान घालून बसते. काल आईस्क्रीम वितळून गेलं, मी चमचाही लावला नाही. तो म्हणाला, “मीठ कमी पडलं का?” मी म्हटलं, “हो.” बिचारा मीठ आणायला गेला.

लाला

*

मेक्सिको शहर, २५ ऑगस्ट १९९१

लाला,

बसले नाही. तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि येरझाऱ्याही घातल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईनं छतावर काठी ठोकली.

मला राग आला. तुझा आला, चेन्चोचा आला, त्या ट्रॉम्बोनवाल्याच्या टोपीचाही आला. मग राग गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं, म्हणून लिहिलं नाही. तुला खरं सांगते. राउल संसार मोडून निघून गेला, तेव्हा मी आरशात बघून स्वतःला म्हणायची, असू दे, एका मुलानं भर चौकात, बँड वाजत असताना, सगळ्या मुलींतून तुला निवडलं होतं. गेली आठ वर्षं माझं त्यावर चाललंय. पुस्तकही त्याच्यासाठीच लिहिलं. आणि आता कळतं की मला निवडलं ते एका शिंकेनं.

आठवडाभर मी तुझ्यावर मनात भाषणं केली. मग एका सकाळी केस विंचरत होते आणि ती करकचून ओढलेली वेणी आठवली. मावशीकडे तक्रार केली तेव्हा तू काहीच बोलली नव्हतीस. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेणी घालायला बसलीस. मला हसू फुटलं गं, एकटीला, फणी हातात धरून. आईनंतरच्या त्या वर्षात मला जे काही मिळालं, ते तू हातातलं काढून दिलेलं होतं, आणि मी तुला दात पुढे दिले.

फूल घे. ऐकलंस? घे. माझ्याकडे बघून नाही, गावाकडे बघून नाही. पुढचा भाग मी लिहीत नाही, प्रकाशकाला सांगितलं. तो विचारत होता, नायक वाट बघत नव्हता का? मी म्हटलं, बघत होता, पण मी चुकीच्या बाजूनं लिहिलं.

मी जत्रेला येत नाही. काम आहे. खूप काम आहे, पावसानं रस्ते वाईट आहेत, आणि बसमध्ये मला मळमळतं. (हो, तीन कारणं. मोजू नकोस.)

सोबत एक रुमाल पाठवतेय. पुरुषांचा, मोठा, तीन नाकं पुसली जातील एवढा. तो उजव्या हातात धर आणि फूल डाव्या. शिंका आल्या तर शिंक. पण दुसरी फेरी होईपर्यंत ते फूल कुणाच्याही हातात देऊ नकोस. कुणाच्याही, कळलं?

आम्पारो

*

सान तेल्मो, १७ सप्टेंबर १९९१

माझे आम्पारो,

आता ऐक, आणि या वेळी बरोबर लिहून ठेव.

रविवारी बँड वाजायला लागला, मी मावशांच्या बाकावरून उठले आणि मुलींच्या रांगेत शिरले. आजूबाजूला पंधरा-सोळाच्या पोरी, आणि मध्ये मी, गुडघा कुरकुरतोय. मावशांनी पंखे हलवायचं थांबवलं. यादिरा माझ्या शेजारीच होती. म्हणाली, “लालाबाई, तुम्ही रस्ता चुकलात का?” मी म्हटलं, “पंचवीस वर्षांपूर्वी चुकले होते गं, आता बरोबर आलेय.” तिला काही कळलं नाही.

चेन्चो समोरून आला. केसांना पुन्हा ते तेल! कान पुन्हा लाल! त्यानं फूल दिलं, आणि या वेळी पळाला नाही, पण त्याला पुढे जावंच लागलं, नियम आहे. मागून पोरींची कुजबुज सुरू झाली. कुणीतरी स्पष्ट म्हणालं, “अय्या, ब्रिहिदाला!”

मी हुंगणार नव्हते. शपथ घेतली होती. हुंगलं.

मग जे सुरू झालं ते विचारू नकोस. पहिली शिंक चौथऱ्यापाशी, आणि मग प्रत्येक बाकाशी एक. तुझा रुमाल भिजला. डोळ्यांपुढे सगळं धूसर. आणि यादिरा, गुणाची पोर, कळवळून हात पुढे करते आणि म्हणते, “लालाबाई, द्या इकडे ते फूल, मी धरते जरा!”

आम्पारो, मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बँडवाल्यांचा सूर चुकला. “मेले तरी देणार नाही!”

सगळा चौक माझ्याकडे वळला. मी फूल दोन्ही हातांत छातीशी धरलं, रुमाल खाली पडला, नाक वाहतंय, आणि मी शिंकत शिंकत चालत राहिले. यादिरा आधी दचकली. मग माझ्या नाकाकडे बघितलं, फुलाकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती हुशार आहे, तुझं पुस्तक तिला पाठ आहे. एकदम किंचाळली, “म्हणजे तुम्ही शिंकत होतात!” आणि तिनं ते मागच्या पोरीला सांगितलं, तिनं तिच्या मागच्या पोरीला, आणि चेन्चो वळून माझ्यापर्यंत यायच्या आधी बातमी चौकाला फेरी मारून परत आली होती.

तो आला. फूल बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, म्हणाला, “बरी आहेस ना?” मी म्हटलं, “चाल आता.” आणि आम्ही चाललो. आई बाकावर रडत होती आणि शेजारणीला सांगत होती की तिलाही अनंतानं शिंका येतात. तिला येत नाहीत.

चेन्चोला मी तुझं पत्र वाचून दाखवलं, राउलचा भाग सोडून. तो बादलीचा दांडा फिरवत ऐकत होता. तुला ठाऊक आहे त्याचं बोलणं. शेवटी म्हणाला, “आम्पारोला लिही. फूल चुकून तिच्याकडे गेलं होतं, पण पेटी घेऊन मी खरंच धावलो होतो. पेटी तर दुसऱ्या दिवशीच्या बसनंही पाठवता आली असती.” हे मी त्याच्या शब्दांत लिहिलंय, एकही माझा नाही. हे ठेव. यात कुणाची शिंक नाही.

लग्न नोव्हेंबरात आहे. झगा मीच शिवतेय, दात आत घेऊन. आणि एक अडचण आहे. मी म्हटलं, मला कागदाची फुलं चालतील. चेन्चो ऐकत नाही, हट्टाला पेटलाय, गुच्छ अनंताचाच हवा. म्हणजे वेदीपुढे ‘हो’ म्हणायच्या वेळी मी शिंकत असणार आणि पाद्रीबाबांना ते ऐकूच जाणार नाही.

तेव्हा तू ये. छप्पर गळत नाही, कधीच गळत नव्हतं. निळा पोशाख घेऊन ये, खांदे घट्ट करून देते. माझ्या उजव्या बाजूला उभी राहा. मला नाक पुसायला लागलं की मी गुच्छ तुझ्याकडे करीन आणि म्हणेन, आम्पारो, धर जरा. या वेळी मला ठाऊक असेल की मी कुणाच्या हातात देतेय.

तुझी,
लाला

*

मेक्सिको शहर, १ ऑक्टोबर १९९१

लाला,

येते. काम काही नव्हतंच, बसमध्येही मळमळत नाही.

पेटी छपरावर चढवायला मी दुसऱ्या कुणाला तरी सांगणार आहे. रुमाल दोन आणते, एक तुला आणि एक मला, कारण मला अनंतानं शिंका येत नाहीत पण लग्नात येतील असं वाटतंय. गुच्छ धरीन, घट्ट धरीन, तुझं नाक कोरडं झालं की परत देईन.

फक्त चेन्चोला आधीच बजावून ठेव: वेदीपुढे वळताना हातातल्या फुलांकडे नाही, चेहऱ्याकडे बघ म्हणावं.

तुझी,
आम्पारो